गाडीच्या पत्र्यावरील गंजाचे छोटे डाग घरच्या घरी कसे दुरुस्त करावेत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम केलेल्या माणसाला गंज म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जुलै महिन्यात संध्याकाळी यंत्रावरून उतरवलेला, आरशासारखा चकाकणारा जॉब, म्हणजे घडवलेला लोखंडी भाग, तेल न लावता तसाच टेबलावर राहिला, तर सकाळी त्यावर तांबूस भुकटीचा पातळ थर दिसतो आणि जिथे बोटांचे ठसे उमटले असतील तिथे तो अधिक गडद असतो. मोटारीचा पत्रा याहून निराळा नाही. कारखान्यात त्यावर रंगाचे चार थर चढवलेले असतात आणि ते शाबूत आहेत तोवर पाणी व हवा लोखंडापर्यंत पोहोचत नाहीत, इतकाच काय तो फरक. मात्र या चारही थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दीड-दोन केसांइतकी असते. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडीचा एक तुकडाही ती भेदायला पुरेसा होतो.

मी धंद्याने पेंटर नाही. यंत्रकामात आयुष्य गेले आणि घरच्या गाड्यांचे डाग स्वतः काढता काढता हे काम शिकलो, तेही पहिल्या प्रयत्नात फसून. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकावरील कमानीच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा आला होता. मी त्यावर पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवला, तांबूस रंग दिसेनासा झाला म्हणजे गंज गेला असे मानले, स्प्रेच्या डब्यातला पांढरा रंग मारला आणि गणपतीपूर्वी गाडी देखणी झाली म्हणून खूश झालो. दिवाळीपर्यंत त्याच जागी पाच रुपयांच्या नाण्याएवढा फुगा उभा होता. पुढे ओळखीच्या एका पेंटर मिस्त्रींना ती जागा दाखवली, तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल दिला : "मालक, रंग काय कुणीबी मारतंय, पेपर मारायला दम लागतोय." या लेखात जे सांगायचे आहे ते त्या वाक्याचेच सविस्तर विवरण आहे. या दुरुस्तीत रंग हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग असून, खरे काम पत्रा पूर्ण स्वच्छ करणे आणि स्वच्छ झालेला पत्रा वेळ न दवडता झाकणे हे आहे.

गंज आधी नीट ओळखावा

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो आणि पाण्यात क्षार असतील तर ही क्रिया पुष्कळ वेगाने होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाच्या थराखाली तो वाढू लागला की वरचा रंग उचलला जाऊन फुगा येतो. म्हणूनच वरून दिसणाऱ्या फुग्यापेक्षा आतला गंज नेहमीच मोठा असतो, हे गृहीत धरून चालावे. दिसणाऱ्या डागाच्या दुप्पट जागा घासावी लागेल अशी मनाची तयारी ठेवली म्हणजे मध्येच हात आखडत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी एक घोळ मात्र दूर केला पाहिजे. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर अनेकदा टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो तपकिरी ठिपके दिसतात आणि मालक घाबरून जातो. हे ठिपके बहुधा पत्र्याच्या गंजाचे नसतातच. फौंड्रीतल्या कास्टिंगच्या ग्राइंडिंगमधून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण, तसेच गाडीच्या स्वतःच्या ब्रेकची धूळ, रंगाच्या पृष्ठभागावर बसते आणि दव पडले की तिथेच गंजते. अशा ठिपक्यावर नख फिरवले तर बारीक खरखर जाणवते, पण रंग फुगलेला किंवा तडकलेला नसतो. त्यासाठी पॉलिश पेपर हातात घेण्याचे कारण नाही. गाडी धुऊन साबणाच्या पाण्यासह क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हाताने फिरवला, किंवा लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण वापरले, की ते निघून जातात.

खऱ्या गंजाच्या तीन अवस्था मानता येतील. पहिल्या अवस्थेत रंग उडालेल्या जागी पत्र्यावर तांबूस थर असतो आणि तो घासला की खाली सपाट, चकचकीत पत्रा लागतो. दुसऱ्या अवस्थेत रंगाला फुगा येतो आणि तो फोडून घासल्यावर पत्र्यात देवीच्या व्रणांसारखे बारीक काळे खड्डे दिसतात. तिसऱ्या अवस्थेत पत्रा कुजलेला असतो. गाडीच्या बाहेरील पत्र्याची जाडीच मुळात पाऊण मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे दुसऱ्या अवस्थेतून तिसरीत जायला फार काळ लागत नाही. यांतील फरक ओळखण्यासाठी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डागावर हलकेच ठोकून पाहावे. पत्रा शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो, कुजलेला असेल तर बद्द येतो. मग टोकाने थोडा दाब द्यावा, आणि टोक आत गेले तर तो डाग या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे असे समजावे. तिथे कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो.

जुनी गाडी विकत घेतली असेल तर एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून संशयित जागेवर फिरवावा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आधीच्या मालकाने जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने तिथेही तो चिकटणार नाही, हे ध्यानात ठेवावे. माझ्या एका मित्राने बंपरवर चुंबक लावून विक्रेत्याशी वाद घातला होता.

काही जागा छोट्या दिसल्या तरी नवशिक्याने त्यांना हात लावू नये. दारांखालची लांब पेटीसारखी पट्टी, जॅक लावण्याच्या जागा, शॉकअॅब्सॉर्बरचा वरचा टॉवर, सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलेला असतो तो भाग, सस्पेन्शनचे सांधे, पेट्रोल टाकीजवळचा भाग आणि ब्रेकच्या नळ्या या सर्वांचा संबंध गाडीच्या मजबुतीशी किंवा थेट जिवाशी आहे. तिथला गंज लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये खालून दाखवून घ्यावा.

कोल्हापुरात आणखी एक प्रकार आढळतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी या भागांतील अनेक गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर बाहेरून गाडी धुतली गेली, सीटही वाळवल्या गेल्या, परंतु दारांच्या पोकळीत आणि खालच्या पट्ट्यांत बसलेला गाळ पुष्कळदा तसाच राहिला. हा गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेरच्या दिशेने खात येतो. दाराच्या खालच्या कडेला एका ओळीत तीन-चार फुगे दिसले, तर बाहेरून रंगवण्यापूर्वी दाराचे आतले पॅड काढून पोकळीत काय आहे ते पाहावे. आत गाळाची खपली असेल, तर ती धुऊन काढल्याशिवाय बाहेरचे सारे श्रम वाया जातात.

काम कधी करावे

हवेत ओल असताना हे काम करू नये. जून ते सप्टेंबर हा काळ आपल्याकडे बाद समजावा, कारण घासून उघडा केलेला पत्रा दोन-तीन तासांत पुन्हा तांबूस पडतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम असतात, मात्र त्यांतही दोन अडचणी आहेत. सकाळी दव आणि धुके असल्याने दहा-अकरापर्यंत पत्रा थंड व ओलसर असतो. शिवाय हाच उसाच्या गळीत हंगामाचा काळ. शहराबाहेर राहणाऱ्यांना ठाऊक आहे की आसपासच्या फडात पाचट पेटवले की काळी काजळी हवेत तरंगत येते आणि नेमकी ओल्या रंगावर बसते. एका दुपारी बोनेटच्या कडेवर अगदी सुरेख क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बसला होता आणि पंधरा मिनिटांनी त्यावर तीळ टाकल्यासारखी काजळी पसरली. ती काढण्यासाठी पुन्हा सारे घासावे लागले. तेव्हा रंगाच्या दिवशी शेजारच्या शेतात ऊसतोड झाली आहे का, एवढी चौकशी करावी. मार्च-एप्रिलमध्ये काम करायचे झाल्यास वळिवाचा अंदाज घ्यावा आणि उन्हाने तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नये, कारण तो पसरण्याआधीच वाळतो. सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत, सावलीत, वारा पडलेला असताना केलेले काम चांगले होते.

साहित्य

कागदापासून सुरुवात करावी. कोरडे घासण्यासाठी ८०, १२०, १८० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, तर पाण्यातून घासण्यासाठी ६००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर घ्यावेत. नंबर जितका लहान तितका कागद खरबरीत असतो. याशिवाय रबराचा किंवा लाकडाचा छोटा ठोकळा, तारेचा लहान ब्रश, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, स्वच्छ सुती फडकी, तेलकटपणा काढणारे क्लीनर, गंज बदलणारे द्रावण म्हणजे रस्ट कन्व्हर्टर, पत्र्यावर रंगाखाली द्यायचा इपॉक्सी प्रायमर, गरज पडल्यास लांबी, गाडीच्या शेडचा रंग आणि क्लिअर कोट एवढे पुरते. मोटारीच्या रंगांच्या दुकानात हे सर्व एकाच ठिकाणी मिळते. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे आणि तोंडावर मास्क हवाच. घासताना उडणाऱ्या भुकटीसाठी बारीक धूळ अडवणारा मास्क पुरतो; परंतु हार्डनर, म्हणजे थर कडक करणारे रसायन, मिसळलेला रंग किंवा क्लिअर फवारायचा असेल तर त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने रासायनिक वाफा अडवणारे कार्ट्रिज असलेला मास्क वापरावा, आणि तो नसेल तर हार्डनरविना चालणारा स्प्रेचा डबाच वापरावा.

प्रायमरच्या बाबतीत एक सर्रास चूक होते. घराच्या ग्रिलला आणि गेटला लावतात तो लाल ऑक्साइड प्रायमर अनेकांच्या घरात उरलेला असतो आणि तोच गाडीला लावण्याचा मोह होतो. त्यावर गाडीचा रंग मारला की रंगातील तीव्र थिनरमुळे खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. शिवाय तो पाणीही फारसे रोखत नाही. दोन डब्यांत मिळणारा, हार्डनर मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर थोडा महाग पडतो, पण गंजाच्या कामात पैसे खर्च करण्यासारखी हीच एक वस्तू आहे.

रंगाची शेड डोळ्यांनी जुळवू नये. पांढऱ्याच्याही डझनभर छटा असतात. इंजिनच्या कप्प्यातील पट्टीवर किंवा चालकाच्या दाराजवळील खांबावर रंगाचा संकेत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, सुझुकीच्या सुपीरियर व्हाइट या रंगाचा संकेत २६यू आहे. तो सांगितला की दुकानदार यंत्रावर तेवढ्याच मापाचा रंग बनवून देतो आणि काही ठिकाणी स्प्रेच्या डब्यात भरूनही मिळतो. गाडी सात-आठ वर्षे उन्हात राहिलेली असेल, तर मूळ रंग फिकटलेला असतो. अशा वेळी पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून दुकानात सोबत न्यावे आणि शेड त्याच्याशी ताडून घ्यावी.

खडीचा टिपका

बोनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून उडालेला तांदळाएवढा टिपका हे सर्वांत सोपे काम आहे आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी. जागा धुऊन वाळवावी. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला १८० नंबरच्या कागदाचा गोल तुकडा चिकटवून तो जागेवर फिरवावा, म्हणजे आजूबाजूचा रंग न खरवडता फक्त टिपका घासला जातो. पत्रा चकाकला की क्लीनरने पुसून काडीच्या टोकाने प्रायमरचा थेंब ठेवावा, तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन थेंब थोड्या थोड्या वेळाने द्यावेत आणि शेवटी क्लिअरचा थेंब द्यावा. प्रत्येक थेंब वाळताना आकसतो, म्हणून एकदम भरू नये.

फुगा आलेला डाग

आधी गाडी साबणाने धुवावी आणि पूर्ण वाळवावी. कमानीच्या आतील कड चिखलाने भरलेली असते. शेताच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांत तर ती बोटभर जाड असते आणि गंजाचे मूळ कारण बहुधा तीच असते. ती पाण्याच्या झोताने व दातांच्या जुन्या ब्रशने साफ करावी. मग डागाच्या सर्व बाजूंनी चार-पाच बोटे अंतर सोडून टेप लावावी आणि बाकीचा भाग कागदाने झाकावा.

आता फुगा फोडावा. पुट्टीच्या पात्याने किंवा बोथट चाकूने सैल झालेला रंग उचलावा आणि जिथपर्यंत तो सहज उचलला जातो तिथपर्यंत उचलतच जावा. माझ्या त्या ज्वारीच्या दाण्याखाली दुसऱ्या खेपेस पाहिले, तेव्हा रंगाखालून गंजाच्या केसासारख्या रेषा सर्व दिशांनी दोन बोटे पसरलेल्या होत्या. वरचा रंग मात्र अगदी धड दिसत होता. पहिल्या वेळी मी ज्याला दुरुस्ती म्हणत होतो, ती या रेषांच्या मधोमध मारलेली एक टिकली होती.

त्यानंतर ८० नंबरचा कागद घेऊन कोरडेच घासावे. उघड्या पत्र्यावर पाणी वापरू नये. ड्रिल मशीनला तारेची चकती लावून काम लवकर उरकण्याचा मोह होतो, परंतु ती चकती खड्ड्यांतील गंज काढण्याऐवजी त्यावर चकाकी आणते आणि पाहणाऱ्याला पत्रा साफ झाल्यासारखा वाटतो. शिवाय पातळ पत्रा तापून वाकडा होण्याची भीती असते. हाताने घासणे कंटाळवाणे आहे, पण नाण्याएवढ्या डागाला अर्धा तास लागतो, त्याहून अधिक नाही. सपाट भाग चांदीसारखा झाल्यावर भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून जागा पाहावी. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरलेले दिसतील. ते जाड सुईच्या किंवा खिळ्याच्या टोकाने कोरावेत आणि पुन्हा घासावे. नव्वद टक्के ठिपके याने जातात.

जे जात नाहीत त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर आहे. याचे दोन प्रकार आहेत. एकात फॉस्फोरिक आम्ल असते आणि ते गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. दुसऱ्यात टॅनिक आम्ल असते आणि त्याने गंज निळसर काळा पडतो. ही दुसरी क्रिया आपल्या भागाला अपरिचित नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, ते त्यांतील टॅनिनसाठीच, आणि हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की ते शाईसारखे काळे होते. द्रावण लहान ब्रशने फक्त खड्ड्यांवर लावावे. स्वच्छ पत्र्यावर त्याचा उपयोग नाही, कारण त्याला काम करायला गंजच लागतो. डब्यावर सांगितलेला वेळ, जो पुष्कळदा २४ तासांपर्यंत असतो, तो पाळावा. फॉस्फोरिक प्रकार पाण्याने पुसून काढण्यास सांगितले असल्यास तसे करून जागा लगेच पुसावी आणि हेअर ड्रायरने वाळवावी, कारण उरलेल्या आम्लावर इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. गंजावरच कन्व्हर्टर ओतून घासण्याचा त्रास वाचतो असे जाहिराती सांगतात. तसे होत नाही, तो सैल गंजाच्या पापुद्र्यातच अडकून बसतो.

घासणे संपल्यावर १२०, १८० आणि मग ३२० नंबरच्या कागदाने जुन्या रंगाच्या कडेला उतार द्यावा. जुना रंग आणि उघडा पत्रा यांच्यामध्ये पायरी राहता कामा नये. ती राहिली तर नवा रंग कितीही मारला तरी तिची सावली वर दिसते. डोळे मिटून बोटांची टोके त्यावरून फिरवावीत. डोळ्याला जे सपाट भासते तिथे बोटाला पायरी लागते आणि या कामात बोटावर विश्वास ठेवावा. उतार नीट दिला असेल तर रंगाचे थर झाडाच्या खोडातील वलयांसारखे एकाभोवती एक असे दिसतात.

यापुढे घाई हवी. क्लीनर एका फडक्यावर घेऊन जागा पुसावी आणि तो वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा, म्हणजे तेलकटपणा तिथेच न पसरता निघून जातो. त्यानंतर जागेला उघड्या बोटाने स्पर्श करू नये. सुरुवातीला सांगितलेला बोटांच्या ठशांचा गंज इथेही तसाच उमटतो. इपॉक्सी प्रायमर डब्यावरील प्रमाणात मिसळून त्याचे दोन पातळ हात द्यावेत. डाग छोटा असेल तर मऊ ब्रशने लावले तरी चालते, नंतर घासून सपाट करता येते. घासलेला पत्रा त्याच दिवशी झाकला गेलाच पाहिजे. संध्याकाळ होत आली असेल आणि प्रायमर मारणे शक्य नसेल, तर सकाळी पुन्हा ३२० चा हात फिरवून क्लीनरने पुसल्याशिवाय प्रायमर मारू नये.

लांबी शक्य तितकी टाळावी. खड्डे खोल असतील तरच ती भरावी आणि भरायची तर प्रायमरच्या वर, पातळ थरात. पॉलिएस्टर लांबी स्पंजासारखी पाणी शोषते, त्यामुळे उघड्या किंवा गंजक्या पत्र्यावर थेट भरलेली लांबी पुढच्या पावसाळ्यात पापडासारखी सुटते. स्वस्तात काम करून देणाऱ्या ठिकाणी हे सर्रास चालते. माझ्या भावाच्या गाडीच्या दारातून तळहाताएवढी लांबीची वडी अख्खी निघाली आणि तिच्या मागे गंज जसाच्या तसा होता. हार्डनरचे प्रमाण वजनाने साधारण २ टक्के ठेवावे. ते जास्त झाले की लांबी तडकते आणि त्यातील रंगद्रव्य वरच्या रंगात झिरपून डाग पडतो. वाळलेली लांबी ठोकळ्यावर कागद लावून कोरडीच घासावी आणि त्यावर पुन्हा प्रायमरचा हात द्यावा.

रंग आणि क्लिअर

प्रायमर पूर्ण कडक झाल्यावर तो ६०० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यातून हळू घासावा. पत्रा पुन्हा उघडा पडला तर तिथे प्रायमर परत द्यावा. जागा वाळवून, पुसून, टेप थोडी मागे सरकवून नव्याने लावावी. टेपची कड पत्र्याला सपाट दाबून न बसवता उलटी वळवून थोडी उघडी ठेवली, तर रंग कडेला विरळ होत जातो आणि रेघ उमटत नाही.

स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवावा आणि आधी जुन्या पुठ्ठ्यावर हात बसवून घ्यावा. वीसेक सेंटिमीटर अंतर ठेवून डागाच्या बाहेर फवारा सुरू करावा आणि डागाच्या बाहेर नेऊनच थांबवावा. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा प्रायमर स्पष्ट दिसावा. एकाच हातात रंग झाकण्याच्या नादात ओघळ येतात. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे सोडून तीन-चार हातांत पूर्ण झाकावे. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत अंतर व वेग बदलला की शेड बदलते; दाराच्या मध्यभागी मेटॅलिकचा डाग दुरुस्त केला तर तो जाणकाराला दिसणारच, आणि ज्याला हे खुपत असेल त्याने पत्रा व प्रायमर स्वतः करून फक्त रंगासाठी गाडी पेंटरकडे न्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

रंग हाताला न चिकटण्याइतका सुकला की, बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात, क्लिअरचे दोन-तीन हात द्यावेत आणि ते रंगाच्या थोडे पलीकडे न्यावेत. टेप क्लिअर पूर्ण वाळण्याआधी काढावी. आठवडाभर गाडी धुऊ नये, दोन आठवड्यांनंतर गरज वाटल्यास २००० नंबरच्या पेपरने पाण्यातून हलका हात मारून रबिंग कंपाउंडने चकाकी आणावी आणि मेणाचे पॉलिश महिन्याभरानंतरच करावे, कारण तोवर रंगातील थिनर बाहेर पडत असतो.

मागची बाजू आणि पुढची काळजी

कमानीची बाहेरची बाजू चकचकीत झाली तरी आतली कड उघडी राहिली, तर गंज तिथून परत येतो. म्हणून बाहेरच्या कामासोबतच आतल्या कडेलाही प्रायमर द्यावा आणि वर अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला लावायच्या जाड संरक्षक लेपाचा, थर द्यावा. तिथे देखणेपणाची गरज नसल्याने ब्रश चालतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी छिद्रे असतात, ती मातीने बुजतात. पावसाळ्यापूर्वी ती काडीने मोकळी करावीत, पाणी ओतून निथळते का ते पाहावे आणि दार वाळल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पत्र्याला आतून ओलीपासून वाचवणारे मेण, फवारावे. दारांची छिद्रे अंडरकोटिंगने बुजवणारे महाभागही मी पाहिले आहेत.

आंबा घाटातून रत्नागिरीला किंवा गगनबावड्यावरून मालवणकडे जाऊन आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या हवेचा आणि किनाऱ्यावरच्या वाळूचा थर कमानींत राहिला, तर तो पुढचा कित्येक काळ ओल खेचत राहतो. केवळ गंजामुळे झालेली झीज मोटार विम्यात सामान्यतः भरून मिळत नाही, हेही माहीत असावे.

डाग ऐन पावसाळ्यात सापडला तर पूर्ण दुरुस्तीचा हट्ट धरू नये. उघडीप मिळालेल्या दुपारी सैल रंग व गंज घासावा, जागा हेअर ड्रायरने कोमट होईपर्यंत वाळवावी आणि इपॉक्सी प्रायमरचा एक ठिपका देऊन सोडून द्यावे. प्रायमर हाताशी नसेल तर ग्रीसचा पातळ थर द्यावा, तो महिना-दोन महिने पाणी अडवतो. फक्त नंतर काम करताना क्लीनरने तो दोनदा पुसून काढावा लागतो. माझ्या सध्याच्या गाडीच्या डिकीच्या कडेवर असा एक करडा ठिपका जुलैपासून आहे आणि शेजारी रोज त्याकडे बोट दाखवतात. तो दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी घासायचा आहे, त्यासाठीचा कागद आणून ठेवला आहे.